मयताशी नातं

९ ऑक्टोबर

अण्णांचे चिरंजीव यांस,

तुम्हाला 'अहो' म्हणायचा हक्क कोर्टानं काढून घेतला आणि 'अरे' म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. म्हणून वर हे असलं काहीतरी लिहिलंय. मनाला लावून घेऊ नका.

अण्णांचं सगळं पार पडलं. तुम्हाला रजा मिळाली नाही, असं तुमचे चुलतभाऊ, आपले भाऊजी, म्हणाले. आपल्या घरात कोणाचं काहीही असलं तरी मध्ये पडायचं काम त्यांच्याकडेच असतं, त्याप्रमाणे तुमचा निरोपही त्यांच्याच तोंडून आला. ही तक्रार नाही. तक्रार करायला मी तुमची कोणी नाही, आणि हे पत्रही त्याबद्दलच आहे.

मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेले होते. खिडकीतला कारकून बरा माणूस होता. नाव, वय, पत्ता, आजार असं सगळं भरून झाल्यावर त्यानं विचारलं, "मयताशी नातं?"

मी म्हटलं, "सून."

"म्हणजे मुलाची बायको."

"होते."

त्यानं पेन थांबवलं. "मुलगा वारला का?"

"नाही हो. घटस्फोट झालाय."

"मग बाई, तुम्ही सून कशा?"

मागे रांग होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, लिहा काहीतरी आणि पुढे चला." कारकून म्हणाला, "काहीतरी लिहिता येत नाही, आजोबा." मग मलाच म्हणाला, "भाडेकरू लिहू? नोकर लिहू?" मी दोन्हींना नाही म्हटलं. शेवटी त्यानं तिथे एक रेघ मारली आणि शिक्का दिला.

कोर्टानं तुमचं-माझं तोडलं तेव्हा अण्णांचं आणि माझं तोडायला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही गेलात, मी राहिले. खाली चष्म्यांचं दुकान, वर दोन खोल्या, आणि काच घासता घासता सुनेला रागावणारे सासरे. दोघांनाही त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. आता अण्णांच्या वकीलबाईंनी समजावून सांगितलंय की कायद्याच्या दृष्टीनं मी 'तिऱ्हाईत' आहे, आणि एकमेव वारस तुम्ही. घर तुमचं, दुकान तुमचं, जिन्याखालची अडगळसुद्धा तुमचीच.

तेव्हा या, आणि वारस दाखल्यासाठी अर्ज करा. दुकानाचा परवाना, विजेचं मीटर, सगळं अण्णांच्या नावावर आहे. काचांचा ठोक व्यापारी म्हणतो, मयताच्या खात्यावर माल देता येत नाही. लोकांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे पडून आहेत. आहेत त्या काचांवर थोडे दिवस निघतील.

आजाराबद्दल तुम्ही भाऊजींना विचारलंत म्हणे. पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यात उजवी बाजू शाबूत होती, डावी गेली होती. तोंड वाकडं झालं होतं. भरवायला वेळ लागायचा. बाकी काय सांगू?

तब्येतीस जपावे. (हे सवयीनं लिहिलं.)

---

४ नोव्हेंबर

तुमच्या वकिलांची नोटीस मिळाली. पोस्टमन आला तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांच्या चष्म्याची दांडी बसवत होते. हातातला स्क्रू खाली पडला, आणि मास्तरांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी एकटीच जमिनीवर रांगत राहिले. सापडला नाही. दुसरा घातला.

संध्याकाळी नोटीस वाचली. "सदर महिला आमच्या अशिलाच्या वडिलोपार्जित मिळकतीत कोणताही कायदेशीर हक्क नसताना अनधिकृत कब्जेदार म्हणून राहत असून..." मराठी चांगलं आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कोणी माझ्याविषयी इतकं लांब वाक्य लिहिलं. पुढे असं आहे की, सदर महिलेने मयताच्या आजारपणाचा गैरफायदा घेऊन व त्यांच्यावर दबाव आणून एखादे मृत्युपत्र करून घेतले असल्यास ते सात दिवसांत हजर करावे.

मृत्युपत्र नाही. हे एकदाच लिहिते. पुन्हा विचारू नका.

दबावाचं म्हणाल, तर अण्णांवर मी कसला दबाव आणणार? गोळी घ्या म्हणून आणला, तोही चालला नाही. गोळी गालात धरून ठेवायचे आणि मी पाठ फिरवली की गादीखाली सरकवायचे. गादी उन्हात टाकली तेव्हा सापडल्या.

तुमच्या डोक्यात हे कोणी घातलं ते मला ठाऊक आहे. कारण भाऊजी इथेही येऊन गेले. बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर अन्याय होतोय. मला बघवत नाही."

मी म्हटलं, "मग बघू नका."

"थट्टा नको. काकांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं होतं की नव्हतं?"

"ठरवलं होतं. झालं नाही."

"होऊ शकतं." आवाज खाली आणून म्हणाले, "तारीख मागची घालायची. साक्षीदार मी आणि माझा एक मित्र. काकांची सही मला जमते. लहानपणी प्रगतिपुस्तकावर करायचो, काका आमचे पालक होते ना!"

"आणि तुम्हाला काय?"

"मला काय हवंय! फक्त दुकानाचा पुढचा गाळा. तुम्हाला मागची खोली आणि वरचं सगळं."

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे तुम्हाला मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या नोटिशीत मी फार धूर्त दिसते, आणि मी तेवढी धूर्तही नाही नि तेवढी साधीही नाही. मी त्यांना चहा दिला. तुमची नोटीस माझ्या पदरात, म्हणजे एप्रनच्या खिशात होती. या वयात मी कुठे खोली शोधू, पाय दुखताहेत, कोण मला दुकानात ठेवून घेईल, हे सगळं चहा उकळेपर्यंत मनात येऊन गेलं. कप ठेवताना म्हटलं, "भाऊजी, विचार करून सांगते."

विचार चाललाय.

— सदर महिला

---

२६ नोव्हेंबर

फोन मी ठेवला. लाइन तुटली नव्हती. गिऱ्हाईक समोर होतं हे खरं, पण ते नसतं तरी ठेवला असता. तुमचा आवाज इतक्या वर्षांनी कानाच्या इतक्या जवळ आला, आणि तोही रागात.

भाऊजींना मी नाही म्हणून कळवलं. त्यात मोठेपणा काही नाही. त्यांनी कागद टाइप करून आणला, खाली अण्णांची सही घोटून आणली. हुबेहूब होती. अण्णांचा हात आजारपणात इतका थरथरायचा की त्यांची स्वतःची सही त्यांना अशी कधी जमली नसती. मी म्हटलं, "हे घेऊन जा." ते चिडले. तुम्हाला फोन करून त्यांनी काय सांगितलं असेल ते तुमच्याच बोलण्यावरून कळलं. खरं मृत्युपत्र मी जाळलं, कारण त्यात सगळं तुम्हाला दिलं होतं! भाऊजींच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायला हवी.

तुम्ही विचारलंत, "खरं सांग, अण्णांनी काय लिहिलं होतं?" मी सांगणार नव्हते. पण तुम्ही उद्या कोर्टात विचाराल, आणि तिथे परक्या माणसांसमोर सांगण्यापेक्षा इथे बरं.

पहिला झटका आला तेव्हा तुम्हाला कळवलं होतं. दुसऱ्या महिन्यातही कळवलं. तुमचं पत्र आलं ते दुकान विकण्याबद्दल, की आता अण्णांच्यानं होत नाही तर गिऱ्हाईक बघू का. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. थोडं गाळून वाचलं. पण अण्णांनी उजव्या हातानं ते ओढून घेतलं आणि भिंग लावून स्वतः वाचलं. त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "वकिलीणबाईंना बोलाव."

त्यांनी सांगितलं, बाईंनी उतरवून घेतलं, टाइप करून आणलं. घर-दुकान माझ्या नावे. तेवढंच असतं तर मी आनंदानं दोन साक्षीदार धरून आणले असते. मी संत नाही. पण मध्ये एक वाक्य होतं. बाई म्हणाल्या होत्या, "अण्णा, हे लिहायची कायद्यानं गरज नाही. मुलाला वगळलं एवढं पुरे." अण्णा म्हणाले, "मला गरज आहे." वाक्य असं होतं: माझा मुलगा हयात असला तरी तो मला मेला आहे, आणि माझ्या मागे त्याने मला बाप म्हणू नये.

वाचून बंद करू नका, पुढे आहे.

ते मला पुन्हा पुन्हा कागद वाचायला लावायचे. त्या वाक्याशी आले की डोळे मिटायचे. चांगल्या डोळ्यातून पाणी यायचं आणि वाकड्या बाजूनं उशीवर जायचं. मग म्हणायचे, "ठीक आहे. बरोबर लिहिलंय." थोड्या वेळानं पुन्हा, "वाच."

सह्या करायच्या दिवशी बाई आल्या, डॉक्टर आले. डॉक्टर एक साक्षीदार. दुसरे शेजारचे घड्याळजी. बाई स्वतः साक्षीला राहत नाहीत, आणि दोघांनी एकाच वेळी समोर बसून सही करायची असा त्यांचा दंडक होता. अण्णा मला म्हणाले, "घड्याळजींना बोलाव."

मी जिना उतरले. घड्याळजी दुकानातच होते, डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी घड्याळात वाकलेले. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी वर बघितलंही नाही. आणि मला वाटलं, आज नको. आज सही झाली तर ते वाक्य कायमचं झालं. अण्णा गेल्यावर ते तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवणार, आणि तो कागद माझ्या फायद्याचा, म्हणजे माझ्याच हातानं दिल्यासारखं होणार. उद्या त्यांचा राग थोडा उतरेल, बाई म्हणाल्या तसं ते वाक्य काढून टाकू, आणि मग सही. एका दिवसानं काय बिघडतं?

मी वर आले आणि सांगितलं, "घड्याळजी नाहीत. बाहेर गेलेत."

डॉक्टरांना घाई होती, ते गेले. बाई म्हणाल्या, उद्या येते. सकाळी दुसरा झटका आला. उजवा हातही गेला, बोलणं गेलं. त्यानंतर अण्णा होते, पण सही करणारे अण्णा नव्हते.

सही नसलेला कागद म्हणजे नुसता कागद, असं बाई म्हणाल्या. त्याची किंमत शून्य. मी तो जाळला नाही, त्यांच्याकडेच आहे. हवा तर त्यांना विचारा. पण तुमच्या जागी मी असते तर विचारलं नसतं.

तर तुमचा वारसा हा असा वाचला. मी काही त्याग केला नाही. मी फक्त एक दिवस मागितला होता आणि तो मिळाला नाही. त्या दिवसाचा मला पश्चात्ताप होतो की नाही, हे रोज वेगळं असतं. ज्या दिवशी नोटीस आली त्या दिवशी फार झाला.

---

१५ डिसेंबर

तुमची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. या. दुकान नऊला उघडतं. वर झोपायची सोय आहे, चादरी धुतल्या आहेत. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

---

१९ जानेवारी

तुम्ही पाठवलेला बक्षीसपत्राचा मसुदा वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. त्यावर बोलते. आधी दुसरं.

तुम्ही दुकानात शिरलात तेव्हा मी ओळखलं नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं अण्णांच्या वयाचं कोणी गिऱ्हाईक आहे. तुम्हीही बहुधा मला शोधत माझ्याकडेच बघत होतात. मग तुम्ही म्हणालात, "पाणी मिळेल?" आणि मी पाणी दिलं. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर माणसं काय बोलत असतील असं मला नेहमी वाटायचं. पाणी मागतात.

वारसाच्या अर्जावर सही करताना तुम्ही कागद हातभर लांब धरलात, मग आणखी लांब, शेवटी हात संपला. मला हसू आलं. तुम्ही म्हणालात, "उजेड कमी आहे इथे." अण्णांचा मुलगा, चष्म्याच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला, आणि जवळचं दिसत नाही हे मान्य नाही! मी काही न बोलता एक चष्मा पुढे ठेवला. तुम्ही घातलात आणि अर्ज पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागलात. 'मयताचे नाव' या ओळीपाशी बराच वेळ थांबलात. मी मागच्या खोलीत गेले, कारण तुम्हाला रडताना बघायचा मला ना हक्क होता ना हौस.

नंतर तुम्ही मागच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणालात, "तू कशाला हे सगळं केलंस?"

"कुठलं?"

"राहिलीस. अण्णांचं केलंस."

सकाळी उठल्यावर अण्णांना चहा लागायचा. नऊला दुकान उघडायला लागायचं. यात 'कशाला' कुठे बसवायचं? तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, माहेरी जा. माहेरी भावाचा संसार, तिथेही मी कोणाची तरी कोणीतरी म्हणूनच राहणार होते. इथे निदान काच घासता येत होती. आणि अण्णांनी मला एकदाही "अजून इथेच?" असं विचारलं नाही. बाकी रागवायचे खूप. आता कोणी रागवत नाही तर दुकान फार शांत वाटतं.

आता बक्षीसपत्र. तुम्ही सगळी मिळकत मला द्यायचं म्हणता, घर आणि दुकान दोन्ही. त्यात लिहिलंय, "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी." बाई वाचत होत्या आणि मी म्हटलं, "थांबा, हे काय?" त्या म्हणाल्या, "बक्षीसपत्रात असं लिहायची पद्धत आहे." मी म्हटलं, "पद्धत असेल, पण तेवढं काढा. सरकारी कचेरीत उभं राहून आम्ही दोघं खोटं बोललो असं व्हायला नको." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. त्यांचाही नंबर वाढलाय, सांगितलं मी.

मग माझं म्हणणं मी त्यांना असं लिहून घ्यायला सांगितलं. दुकान मी घेते. नको नको म्हणायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंय. माझे हात त्यात गेलेत. पण वरच्या खोल्या तुमच्या नावावर राहू द्यात. तुम्ही मला सगळं देऊन मोकळे होऊ बघताय. तसं मोकळं होता यायचं नाही. माणसाला निदान एखादी खिडकी असावी जी आपल्या बापाची होती. मी मागच्या खोलीत राहीन, मला जिना नकोच आहे आता. वरची किल्ली बाईंकडे ठेवते. विका, कुलूप लावा, येऊन राहा, तुमची मर्जी. राहिलात तर पाण्याची मोटर सकाळी लवकर लावायची असते.

भाऊजींना कळलंय. त्यांनी मला 'लबाड' म्हटलं, आणि तुम्हाला 'खुळा'. म्हणजे व्यवहार बरा झाला असावा.

एक राहिलं. तुम्ही निघताना जिन्यात थांबून विचारलंत, "घड्याळजी नाहीत म्हटल्यावर अण्णा काही बोलले?" मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं. रस्त्यावर रिक्षा उभी होती, तुमची बॅग माझ्या पायाला लागत होती, आणि हे असं उभ्या उभ्या सांगायचं नव्हतं.

तर ऐका. अण्णांच्या पलंगामागची भिंत म्हणजे घड्याळजींच्या दुकानाच्या माळ्याची भिंत. नुसती फळ्यांची आहे, खालच्या दुकानातलं सगळं ऐकू येतं. घड्याळजींना जुना खोकला. मी "घड्याळजी बाहेर गेलेत" म्हटलं, आणि डॉक्टर जिना उतरत असतानाच पलीकडे घड्याळजी खोकले. चांगले घसा खरवडून खोकले. बाई कागद आवरत होत्या, त्यांच्या लक्षात आलं नाही. अण्णांच्या आलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चादर सरळ करायला लागले. मला वाटलं, आता ओरडतील.

ते म्हणाले, "नाहीत?"

मी म्हटलं, "नाहीत."

त्यावर ते जे बोलले ते मला नीट कळलं नाही. तुम्ही त्या काळात त्यांचं बोलणं ऐकलेलं नाही. अर्धे शब्द गालातच राहायचे, मला सवयीनं समजायचे, पण सगळे नाही. ते एक तर "बरं" म्हणाले, नाही तर "बरं झालं" म्हणाले. "बरं" म्हणाले असतील तर, ठीक आहे, उद्या करू. आणि "बरं झालं" म्हणाले असतील तर ते वेगळंच.

तुमच्या तोंडावर मला "बरं झालं" म्हणाले असं सांगता आलं असतं. तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि मलाही. ते ठरवून सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण भाऊजींनी घोटलेली ती सही आठवते आणि माझ्यानं होत नाही. शेवटचं अक्षर मला ऐकू आलं नाही. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच "वाच" म्हणाले नाहीत. चहा मागितला. मी दिला. पूर्ण प्याले, थोडासुद्धा सांडला नाही.

बाईंनी बक्षीसपत्राची तारीख पुढच्या महिन्यातली घेतली आहे. तुम्हाला स्वतः यावं लागेल. येताना तो चष्मा आणा, त्याची डावी दांडी सैल आहे, मी त्याच दिवशी घट्ट करणार होते आणि राहून गेलं.